खासगी मलवाहिनीवरील बांधकाम (नागपूर)

घरातील संडास, न्हाणीघर व स्वयंपाकघराचे सांडपाणी मनपाच्या मुख्य मलवाहिनीपर्यंत नेणाऱ्या प्लॉटमधील पाइपवर खोली, जिना, पोर्च किंवा पाण्याची टाकी बांधणे. नागपुरात बोलताना या पाइपला 'गडरलाइन' म्हणतात. प्लॉटच्या हद्दीत तिची देखभाल घरमालकाकडेच असते.

लाइन सहसा घराच्या बाजूच्या किंवा मागच्या मार्जिनमधून काढलेली असते. बांधकाम नियमांनुसार ही जागा मोकळी सोडायची असते, पण वाढीव स्वयंपाकघराला सगळ्यात आधी तीच सापडते. नागपूर सुधार प्रन्यासच्या (शहराची आखणी करणारी संस्था) आखीव लेआउटमध्ये लाइनचा अंदाज तरी बांधता येतो. 2001 च्या कायद्याने नियमित होऊ शकलेल्या गुंठेवारी वस्त्यांत (परवानगीशिवाय जमिनीचे छोटे तुकडे पाडून वसलेल्या) अनेकदा आधी घर, मग सेप्टिक टँक आणि गडरलाइन शेवटी, असा क्रम झाला. तिथे पाइप वाट मिळेल तसा वळतो.

पाइपवर भिंतीचा भार येतो हे खरे, पण घरमालकाला आधी नडते ते झाकले गेलेले चेंबर, म्हणजे लाइन तपासायला आणि साफ करायला ठेवलेला झाकणाचा खड्डा. चार इंची पाइपला साधारण 40 फुटांत एक फूट आणि सहा इंचीला 60 फुटांत एक फूट उतार देतात. वळणावर आणि जोडावर चेंबर असते, कारण तुंबलेली लाइन मोकळी करायची बांबूची कमची सरळ जाते, कोपऱ्यात वळत नाही. लाइन तुंबली की सफाईवाला आल्या आल्या विचारतो, "चेंबर कुठं आहे?" घरातली सगळी मंडळी फ्रिजखालच्या टाइलकडे बघतात. मग तो हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकत जातो. आवाज पोकळ आला, तिथे टाइल फुटते.

नागपूरच्या बऱ्याच भागांतील काळी कापसाची माती यात भर घालते. ती उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. जुन्या चिनीमातीच्या पाइपांचे सिमेंटचे सांधे या हालचालीने उकलतात. गळणारे पाणी जोत्याखालच्या मातीला एकाच जागी फुगवते, त्यामुळे फरशी उचलते आणि भिंतीला तिरपी चीर जाते. अशा चिरेवर दरवर्षी पुट्टी भरणारी घरे आहेत. पाइप उघडून पाहायचे मात्र कुणाच्या मनात येत नाही. मार्जिनमधल्या कडुनिंबाची किंवा पिंपळाची मुळे त्याच सांध्यांतून आत शिरतात.

सर्वांत बरा उपाय म्हणजे खोली बांधण्याआधी लाइन बाहेरून वळवणे. ते शक्य नसेल तर जुना पाइप काढून नवा अखंड पाइप टाकतात आणि खोलीच्या दोन्ही बाजूंना, बाहेर, चेंबर बांधतात. भिंत पाइप ओलांडते तिथे वर लिंटेल (आडवी तुळई) देऊन पाइपभोवती मोकळी फट ठेवतात, म्हणजे पाया बसला तरी भार पाइपवर येत नाही. पाइपला लागून पाया खणायचा असेल तर तो पाइपच्या तळाखाली नेतात. काळ्या मातीत तसेही मुरूम लागेपर्यंत खाली जावेच लागते. चेंबर आत ठेवणे अगदीच भाग असेल तर त्याला हवाबंद दुहेरी झाकण हवे, नाहीतर वास आणि झुरळे दोन्ही स्वयंपाकघरात येतात.

जुन्या नागपुरातल्या महाल, इतवारीकडच्या वाटण्या झालेल्या वाड्यांत एकाची लाइन दुसऱ्याच्या अंगणातून गेलेली असू शकते. असा वापर हक्क म्हणून, उघडपणे आणि अखंड 20 वर्षे चालला असेल, तर 1882 च्या सुखाधिकार कायद्याने तो हक्क ठरू शकतो. त्यावर खोली चढवून पाणी अडवले तर भांडण दिवाणी न्यायालयात जाते. मनपाच्या स्वतःच्या वाहिनीवर बांधायला लेखी परवानगी लागते.

मंजूर नकाशातली लाइन आणि जमिनीतली लाइन नेहमी जुळतेच असे नाही. जुने घर घेताना न्हाणीघरात रंगीत पाण्याच्या दोन बादल्या ओतून ते कोणत्या चेंबरमध्ये आणि किती वेळाने उतरते हे पाहतात. नवीन लाइन टाकताना चर बुजवण्याआधी टेप लावून फोटो काढतात, कुंपणाच्या भिंतीपासूनचे अंतर दिसेल असा.