रॅट केक खाल्लेला कुत्रा तीन दिवस ठणठणीत कसा राहतो?

सोसायटीच्या ग्रुपवर परत तो मेसेज फिरतोय, कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लं की वाटीभर दूध पाजा, वर चमचाभर तूप, विष उतरतं म्हणे. कोणाचं उतरलं देव जाणे. काळपट राखाडी पावडर असेल, म्हणजे झिंक फॉस्फाइड, तर पोटातल्या ॲसिडने तिचा फॉस्फिन गॅस होतो आणि पोटात काही गेलं की ॲसिड अजून सुटतं, मग दूध पाजून आपणच हातभार लावतो. याला उतारा नाही, लक्षणं काही तासांतच दिसतात, आणि कुत्रा ओकला तर आधी खिडक्या उघडा, तो गॅस आपल्यालाही बाधतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायची आयडिया तर त्याहून वाईट, रक्तात सोडियम वाढून झटके येऊ शकतात.

पण खरा फसवा प्रकार म्हणजे दुकानात मिळणारा रंगीत रॅट केक. त्यात साधारण ब्रोमाडायोलोन नावाचं, रक्त गोठू न देणारं विष असतं, 0.005 टक्के, म्हणजे 20 ग्रॅमच्या केकमध्ये 1 मिलिग्रॅम. कुत्रा तो फस्त करतो आणि दोन-तीन दिवस मस्त शेपूट हलवत फिरतो. मग एकदम मलूल, हिरड्या पांढऱ्याफटक, धाप लागलेली, कधी नुसता लंगडतो कारण सांध्यात रक्त उतरलेलं असतं. तोवर केक कोणाच्या लक्षातही नसतो, लोक नजर लागली म्हणून मीठ-मिरच्या ओवाळत बसतात.

आता यातली गंमत बघा. रक्त गोठवणारे 2, 7, 9 आणि 10 नंबरचे फॅक्टर, म्हणजे प्रथिनं, लिव्हर बनवतं, पण ते अर्धवट असतात, त्यांच्यातल्या ग्लुटामिक ॲसिडला एक जादा कार्बोक्सिल गट लागला तरच त्यांना कॅल्शियम धरता येतं, आणि त्या कामात व्हिटॅमिन के खर्ची पडून त्याचं इपॉक्साइड, म्हणजे वापरून झालेलं रूप, होतं. शरीरात के असतं थोडंसंच, म्हणून गोटी सोड्याच्या बाटलीसारखं तेच तेच परत भरून वापरायचं. भरणारं एन्झाइम म्हणजे व्हीकेओआर, आणि ब्रोमाडायोलोन नेमकं त्यालाच बांधून ठेवतं. पण रक्तात आधीच फिरणारे तयार फॅक्टर ते मोडत नाही! ते संपेपर्यंत सगळं झकास चालतं. 7 नंबर सगळ्यात आधी संपतो, म्हणून रक्त गोठण्याची पीटी टेस्ट दीड-दोन दिवसांनी बिघडते, कुत्रा मात्र अजून उड्या मारत असतो.

(पाकिटावरचं 'उंदीर बाहेर जाऊन मरतो' हेही त्या दूध-तुपाच्या मेसेजसारखंच, उंदीर जिथे गळून पडेल तिथे मरतो, कपाटामागेसुद्धा.)

तर करायचं काय, रॅपर किंवा उरलेला तुकडा उचला आणि तडक व्हेटकडे. पहिल्या दोनेक तासांत ते उलटी काढतात, मग चारकोल, म्हणजे विष शोषून घेणारा औषधी कोळसा, देतात. नंतर व्हिटॅमिन के1, त्याचाच दुसरा प्रकार के3 नाही, त्या के3चा इथे उपयोग होत नाही. के1ची गोळी तेलकट-तुपकट खाण्यासोबत चांगली मुरते, म्हणजे मेसेजमधलं तूप इथे कामाला आलं, पण व्हेटने सांगितल्यावर. रक्तस्राव सुरू झाला असेल तर के1 एकट्याने भागत नाही, नवे फॅक्टर बनायला वेळ लागतो, मग प्लाझ्मा नाहीतर रक्त चढवावं लागतं. ब्रोमाडायोलोन लिव्हरमध्ये आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकतं म्हणून कोर्स तीन-चार आठवड्यांचा. आठवड्यात टवटवीत दिसला म्हणून गोळ्या बंद करणारे खूप आहेत, आणि तिथेच परत रक्त जातं. शेवटच्या डोसनंतर 48 तासांनी पीटी नॉर्मल आली की मगच सुटका.