विरुद्ध बाजूने बोलणे

विरुद्ध बाजूने बोलणे : वादविवादात स्वतःला न पटणारी बाजू पूर्ण ताकदीने मांडण्याचा रिवाज. शाळा-महाविद्यालयांच्या स्पर्धांत ही बाजू चिठ्ठी काढून वाट्याला येते, वकिलीत तो पेशाचाच भाग असतो, आणि शास्त्रचर्चेत याच्या जवळच्या पद्धतीला पूर्वपक्ष म्हणतात. कोकणात स्पर्धेच्या व्यासपीठाखेरीज दशावतार आणि शक्ती-तुरा या लोककलांतही त्याची रूपे दिसतात. मत बदलायला लावणे हा त्याचा हेतू नाही. बोलून झाल्यावर वक्ता बहुतेक वेळा आपल्या जुन्याच मतावर परततो. मात्र तोवर त्या मताच्या कुठल्या कडा भक्कम आहेत आणि कुठल्या भुसभुशीत, हे त्याला कळलेले असते.

रोजच्या बोलण्यात ‘वितंडवाद’ हा शब्द सरसकट वापरला जातो, म्हणून एक फरक आधीच सांगायला हवा. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या प्राचीन ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. वादात दोन्ही पक्ष प्रमाण आणि तर्क यांच्या आधाराने सत्य शोधतात. जल्पात जिंकणे महत्त्वाचे, त्यासाठी छलही चालतो. वितंडेत वक्ता स्वतःचा पक्ष मांडतच नाही, समोरच्याचा तेवढा पाडतो. विरुद्ध बाजूने बोलणाऱ्याला ही सोय नसते. त्याला परकी बाजू पायापासून उभी करावी लागते आणि तिच्यावरचे घाव स्वतःच्या अंगावर घ्यावे लागतात. उगाच फाटे फोडणाऱ्याच्या रांगेत त्याला बसवणे अन्यायाचे आहे.

मराठी वादविवाद स्पर्धांत सहसा एका संस्थेचे दोन स्पर्धक असतात, एक विषयाच्या बाजूने आणि एक विरोधात. कोणी कुठे बोलायचे हे संघच ठरवतो, त्यामुळे ज्याला जे पटते ते त्याच्याकडे जाते. भाषण सरांनी लिहून द्यायचे आणि विद्यार्थ्याने घोकायचे, असेही पुष्कळ ठिकाणी चालते. तिथे घंटा वाजते, टाळ्या पडतात, फिरती ढाल घरी येते, पण या नोंदीचा विषय असलेली गोष्ट घडत नाही. दोन्ही बाजूंची तयारी करून यायचे आणि चिठ्ठी उघडल्यावर आपली बाजू कळायची, ही पद्धत कस पाहणारी आहे. ती अधिक शाळांनी उचलली पाहिजे.

ही पद्धत काय करते ते एका उदाहरणावरून दिसेल. विषय आहे ‘पर्ससीन मासेमारीवर पूर्ण बंदी असावी’. मालवण किंवा देवगडकडच्या एखाद्या रापणकराच्या मुलीला चिठ्ठीत ‘विरोधात’ आले असे समजा. तिने घरी लहानपणापासून ऐकलेले असते की रापण हे मोठे जाळे किनाऱ्यावरून ओढतात, दोराला हात लावणाऱ्याला वाटा मिळतो, आणि पर्ससीनवाले बांगड्याचा नाहीतर तारलीचा अख्खा थवा समुद्रातच घेरून, जाळ्याचा तळ आवळून उचलून नेतात. मग किनाऱ्यावर रिकामी रापण येते. पहिल्या संध्याकाळी तिच्या वहीत एकच ओळ उतरते : ‘त्यांनाही पोट आहे.’ हा मुद्दा झाला नाही, ही नुसती दया झाली, आणि परीक्षक ती एका प्रश्नात उडवून लावतील हे तिलाही कळते.

मग ती जेटीवर जाऊन विचारू लागते. नौकेवर कर्ज असते आणि हप्ता हंगाम बघून येत नाही. २०१६ च्या शासन निर्णयाने राज्याच्या सागरी हद्दीत पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढाच काळ ठेवला. नौकेवरचे खलाशी मालक नसतात. बंदी आली तर आधी त्यांची मजुरी जाते. पर्ससीन वरच्या थरातली मासळी घेरते, तळ खरवडणारी जाळी वेगळी. मग पूर्ण बंदी एकाच जाळ्यावर का? राज्याचा अधिकार १२ सागरी मैलांपर्यंत, त्यापलीकडे परराज्यांतल्या नौका असतात; आपल्या नौका बांधून ठेवल्या तर थवा वाचतो की दुसऱ्याच्या बर्फात जातो? आठवड्याभरात वहीची चार पाने भरतात. यातला शेवटचा प्रश्न तिला खरोखर अडवतो. स्पर्धा संपल्यावरही ती रापणीच्याच बाजूची असते, पण आता घरी ती वेगळेच विचारते : सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ पासून आहे, मग आपण नवी बंदी मागायची की आहे त्या कायद्याची गस्त, जाळ्याच्या आसाची, म्हणजे छिद्रांच्या मापाची, तपासणी आणि हद्दीबाहेरच्या नौकांचा बंदोबस्त? तिच्या बाजूची मागणी आता नेमकी झालेली असते, आणि नेमकी मागणी टाळणे कुठल्याही कार्यालयाला जड जाते.

कोकणच्या लोककलांत हे कसब जुने आहे. सिंधुदुर्गातल्या जत्रांत रात्रभर चालणाऱ्या दशावतारी नाटकाला छापील संहिता नसते. कुठले आख्यान लावायचे ते ठरते, कथेचे टप्पे सांगितले जातात, आणि संवाद प्रत्येक नट रंगमंचावर जागीच रचतो. सकाळी घरच्या देवाला फूल वाहिलेला माणूस रात्री असुराचा मुकुट चढवतो आणि देवांनाच जाब विचारतो. समुद्रमंथनात वासुकीच्या तोंडाकडची बाजू आम्ही धरली, त्याचे विषारी फुत्कार आम्ही सोसले, मग अमृताच्या पंगतीत आम्हाला फसवले का? बळीचे काम करणारा नट विचारू शकतो की दान मागायला बटू होऊन आलात, पावले टाकताना एवढे मोठे कसे झालात? शेवटी देव जिंकणार हे मांडीवरच्या पोरालाही ठाऊक असते. तरी असुर लेचापेचा बोलला तर पुढे बसलेली म्हातारी माणसे चुळबुळू लागतात, आणि मग देवाच्या विजयालाही रंग चढत नाही. असुराचे काम करणाऱ्याकडे जबर वक्तृत्व लागते ते याचसाठी. ज्याला पुराणे पाठ आहेत आणि ज्याची श्रद्धा पक्की आहे, तोच देवाला खरी अडचण उभी करू शकतो.

रत्नागिरी-रायगडकडच्या जाखडी या नाचातला शक्ती-तुरा थोडा वेगळा. शक्तीवाले शक्तीला श्रेष्ठ मानतात, तुरेवाले शिवाला, आणि दोन फळ्यांचे शाहीर सवाल-जवाबांत एकमेकांना अडवतात. इथे बाजू गुरुपरंपरेने ठरलेली असते, चिठ्ठी नसते. पण समोरच्याचा सवाल कुठल्या कथेतून येईल हे ओळखायचे तर त्याची पुराणे त्याच्याइतकीच वाचावी लागतात. म्हणजे तोंडाने नसले तरी मनात विरुद्ध बाजू बोलून पाहावीच लागते.

शास्त्रग्रंथांत ही शिस्त लेखनाच्या रचनेतच बसवलेली आहे. मीमांसा या दर्शनातल्या अधिकरणात, म्हणजे एकेका प्रश्नाच्या चर्चेत, विषय, संशय, पूर्वपक्ष, सिद्धान्त आणि संगती असा क्रम असतो. विरोधकाचे म्हणणे सांगितल्याशिवाय आपला निर्णय सांगताच येत नाही. चौदाव्या शतकातल्या ‘सर्वदर्शनसंग्रह’ या निरनिराळ्या दर्शनांचा परिचय देणाऱ्या ग्रंथाची सुरुवातच परलोक न मानणाऱ्या चार्वाकाच्या मताने होते, जे ग्रंथकाराला मुळीच मान्य नव्हते. चार्वाकांचे स्वतःचे ग्रंथ फारसे उरले नाहीत. त्यांचे बोलणे आपल्याला मुख्यतः त्यांच्या विरोधकांनी लिहिलेल्या पूर्वपक्षांतून कळते. यातच या पद्धतीची थोरवी आहे आणि तिचा धोकाही. पूर्वपक्ष प्रामाणिक असेल तर हरलेल्याचा आवाजही शेकडो वर्षे टिकतो; तो मुद्दाम दुबळा लिहिला तर त्याला पाडण्यात काही पराक्रम नसतो, आणि मूळ माणूस उत्तर द्यायला हजर नसतो.

रत्नागिरीत १८५६ मध्ये जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात ‘गीतारहस्य’ लिहिले, ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कर्मयोग सांगण्यापूर्वी त्यांनी आधिभौतिक सुखवाद आणि आधिदैवतपक्ष (सदसद्विवेकबुद्धीला प्रमाण मानणारा) यांना स्वतंत्र प्रकरणे दिली आहेत, आणि संन्यासमार्गाचे म्हणणेही सविस्तर घेतले आहे. ज्यांचे खंडन करायचे त्या पाश्चात्त्य सुखवाद्यांत जॉन स्टुअर्ट मिल हा इंग्रज तत्त्वज्ञही होता. गंमत अशी की याच मिलने १८५९ मध्ये लिहून ठेवले होते की ज्याला फक्त आपलीच बाजू माहीत आहे, त्याला तीही फारशी माहीत नसते. विरोधी म्हणणे आपल्याच गुरूंच्या तोंडून ऐकून भागत नाही, ते मनापासून मानणाऱ्यांकडून ऐकले पाहिजे, असाही त्याचा आग्रह होता.

युरोपात या रिवाजाला मान आणि संशय दोन्ही मिळाले. इ.स.पू. १५५ मध्ये अथेन्सचा दूत म्हणून रोमला गेलेल्या कार्नेआडीझ या तत्त्वज्ञाने एके दिवशी न्यायाच्या बाजूने भाषण केले आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या विरोधात. तरुण भारावले, केटो या वडीलधाऱ्या रोमन मुत्सद्द्याने मात्र या पाहुण्यांना लवकर परत पाठवा असा तगादा लावला. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संत ठरवण्यापूर्वी त्याच्याविरुद्ध मुद्दे मांडणारा अधिकारी असे. लोक त्याला ‘सैतानाचा वकील’ म्हणत. १५८७ पासून चालत आलेले हे काम १९८३ मध्ये बरेच सौम्य केले गेले. वसईत जन्मलेल्या गोन्सालो गार्सिया यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले, तेव्हा हे पद अस्तित्वात होते. केंब्रिजच्या गणित परीक्षेतला ‘रँग्लर’ हा किताबही मुळात हुज्जत घालणारा या अर्थाचा आहे. जुन्या काळी तिथे उमेदवाराला आपला सिद्धान्त नेमून दिलेल्या विरोधकांपुढे लॅटिनमध्ये राखावा लागे. पुढे लेखी परीक्षा आली आणि नाव तेवढे उरले. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे त्या परीक्षेत पहिले, झाले, आणि हा शब्द मराठी घरांत कायमचा रुळला.

याचा मनावर होणारा परिणाम मानसशास्त्रज्ञांनी तपासला आहे. १९५४ मध्ये जॅनिस आणि किंग यांना असे आढळले की न पटणारी बाजू स्वतःच्या शब्दांत मांडायला लावली, तर तीच बाजू नुसती वाचणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्याचे मत जास्त हलते. १९७९ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात फाशीच्या शिक्षेविषयी ठाम मते असलेल्यांना दोन्हीकडचा पुरावा दिला, तेव्हा दोन्ही गट आपापल्या मतात आणखी घट्ट झाले. १९८४ मध्ये लॉर्ड, लेपर आणि प्रेस्टन यांनी दाखवले की ‘निःपक्षपाती राहा’ असे सांगून फारसा उपयोग होत नाही. ‘हाच अभ्यास उलट निष्कर्षाचा असता तर तुम्ही तो कसा तपासला असता?’ असे विचारले की पक्षपात कमी होतो. उपदेशापेक्षा कृती बरी, एवढे यातून निश्चित दिसते.

आक्षेपही वजनदार आहेत. १९५४ मध्ये अमेरिकेत महाविद्यालयीन वादविवादासाठी साम्यवादी चीनला मान्यता द्यावी का हा विषय आला, तेव्हा तिथल्या लष्करी आणि नौदल अकादमींनी भाग घ्यायला नकार दिला. मनात नसलेले बोलायला लावणे म्हणजे तरुणांना खोटेपणा शिकवणे, असे काही शिक्षकांचेही म्हणणे होते. याला सरळ उत्तर असे की चिठ्ठी सर्वांसमोर निघते. नाटकातल्या असुराला कोणी देवद्रोही म्हणत नाही. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. शार्लान नेमेथ आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवले की नेमलेला ‘सैतानाचा वकील’ खऱ्या विरोधकाइतका विचाराला चालना देत नाही, उलट त्याला ऐकल्यावर गट आपल्याच मताची जास्त पाठराखण करू लागतो. म्हणून गावसभेत एकाला उपचारापुरते विरोधात बोलायला सांगून खऱ्या विरोधकांना बाहेर ठेवले, तर ती फसवणूक ठरते.

आणि एक मर्यादा अशी की ती ओलांडूच नये. ज्याच्या माणूसपणावरच प्रश्न आहे त्याला त्याच्याविरुद्ध बोलायला लावता येत नाही. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी १९२७ मध्ये ज्यांना सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नातवंडांच्या हाती अस्पृश्यतेचे समर्थन करण्याची चिठ्ठी देणे हा विचाराचा व्यायाम होत नाही, तो अपमान आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या न दिलेल्या भाषणात जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी हा समर्थकांचा युक्तिवाद स्वतःहून समोर घेतला आणि ती श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे असे उत्तर दिले. विरोधकाचा सर्वांत चांगला मुद्दा उचलण्याचा निर्णय त्यांचा स्वतःचा होता. तो त्यांच्यावर कोणी लादला नव्हता.

कोकणात या रिवाजाची गरज आज व्यासपीठाबाहेर जास्त आहे. जैतापूरचा अणुप्रकल्प, नाणारची आणि नंतर बारसूची रिफायनरी यांवरून गावे दुभंगली. कुणाला आंबा, काजू, मासळी आणि सड्यावरची कातळशिल्पे राखायची आहेत. कुणाला मुलगा चाकरमानी होऊन मुंबईच्या लोकलला लटकू नये, गावातच कामाला लागावा असे वाटते. दोन्ही इच्छा खऱ्या आहेत, आणि पुष्कळदा त्या एकाच घरातल्या असतात. अशा वादात वापरण्याजोगी एक साधी रीत आहे. आधी अमुक घटकाभर प्रत्येकाने समोरच्याची बाजू मांडायची. ती नीट मांडली गेली की नाही, याचे गुण परीक्षक देत नाही. ज्याची बाजू मांडली गेली तो माणूस देतो. तो ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ म्हणेपर्यंत पुन्हा मांडायची, आणि त्यानंतरच आपले बोलणे सुरू करायचे.