वाहतं पाणी दोन-चार किलोमीटरांत शुद्ध होतं का?

‘वाहत्या पाण्याला दोष नाही, दोन-चार किलोमीटरांत ते आपोआप शुद्ध होतं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच: सांडपाण्यातले सेंद्रिय पदार्थ जिवाणू खरंच खातात. त्यासाठी वेळ मात्र लागतो.

किती, ते काढता येतं. गोदाकाठी सरळ पात्रात १० मीटर आखून संत्रं सोडा. ते जवळपास बुडून तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही. ३० सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग सेकंदाला ०.३३ मीटर. तळाशी पाणी संथ, म्हणून ०.८५ ने गुणा. दिवसाला साधारण २४ किलोमीटर झाले. घरगुती सांडपाण्याचा विघटनदर २० अंशांना दिवसाला ०.२३ च्या आसपास धरतात, म्हणजे दिवसभरात जेमतेम पाचवा हिस्सा संपतो. निम्मं व्हायला तीन दिवस, सत्तरेक किलोमीटर! उन्हाळ्यात विघटनाचा वेग वाढतो, पण त्यासाठी जिवाणू वापरतात तो पाण्यातला ऑक्सिजनही लवकर संपतो.

नाशिकजवळच्या सोमेश्वर धबधब्यावर पाणी आपटतं तेव्हा त्यात ऑक्सिजन मिसळतो, घाण गळून पडत नाही. आणि ऑक्सिजन सर्वांत कमी होतो तो सांडपाण्याचा नाला मिळतो तिथे नव्हे, बराच खाली. म्हणून ऑक्सिजन मोजायला पाण्याचे नमुने नाल्याच्या वर, लगेच खाली आणि पुढे कित्येक किलोमीटरांवर, असे घ्यावेत. बाटलीचं बूच पाण्याखालीच लावा. बुडबुडा राहिला तर ऑक्सिजनचा आकडा फुगतो.