हुकूम म्हणजे इस्पिक नव्हे

इस्पिक सगळ्यांना माहीत आहे. काळं पान, दुर्रीपासून एक्क्यापर्यंत तेरा पत्ते. हिंदीत त्याला हुकुम म्हणतात, आणि आपल्या वऱ्हाड-नागपूरकडे हिंदी बोलीत मुरलेली असल्यामुळे गावोगावच्या पारावरही तेच नाव चालतं. नावाला माझी हरकत नाही. पण पोरं इंग्रजीतला ‘ट्रम्प’ शब्द आला की बेधडक ‘इस्पिक’ असा अर्थ लावतात, ते मला सहन होत नाही.

इंग्रजीत इस्पिक म्हणजे ‘स्पेड’. ‘ट्रम्प’ म्हणजे पत्त्यांच्या डावातला हुकूम, बाकी रंगांवर मात करणारा रंग. ते कुठल्याच पानाचं जन्मजात नाव नाही, तो त्या डावापुरता मिळालेला अधिकार आहे. मेंढीकोट, म्हणजे मेंढ्या (दश्श्या) जिंकायचा पत्त्यांचा खेळ, खेळणाऱ्याला हे समजवावं लागू नये. समजा बंद हुकूम, म्हणजे आधीच पालथं घालून ठेवलेलं पान, चौकटचा निघाला. उतारी, म्हणजे हाताचं पहिलं पान, बदामाची झाली, बदामाचा एक्का पडला आणि तुमच्या हातात बदाम एकही नाही. चौकटची दुर्री टाकली तरी हात तुमचा, अर्थात मागून कोणी चौकटचंच मोठं पान मारलं नाही तर. तिथे इस्पिकचा एक्का टाकला तर तो वाया. तरी शेजारून कोणीतरी ओरडतोच, “काऊन बे, हुकूम टाक ना!” आणि पोरगं इस्पिक टाकून मोकळं होतं. मेंढी गेली की मग भांडण.

पुढच्या डावात किलवर हुकूम झालं की चौकटची तीच दुर्री पुन्हा दुर्री. ब्रिजमध्ये तर ‘नो ट्रम्प’ अशी बोली असते. त्या डावात हुकूमच नसतो, पण इस्पिकची तेरा पानं खेळात असतातच. दोन्ही एकच असते तर ही बोली लावताच आली नसती.

गोंधळ पक्का केला तो मोबाइलवरच्या कॉलब्रेकने. त्यात इस्पिक कायमचं हुकूम असतं, म्हणून ज्याने पत्ते फोनवरच शिकले त्याला दुसरं काही असू शकतं हे ठाऊकच नसतं. माझं मत स्पष्ट आहे: पोरांना आधी मेंढीकोट शिकवा, तोही कट हुकमाचा. उतारीचं पान नसलेल्या पहिल्या गड्याने जे टाकलं तेच हुकूम ठरताना डोळ्यांनी दिसतं.

वाक्प्रचारांतही हाच अर्थ चालतो. ‘ट्रम्प’ मूळचा ‘ट्रायम्फ’, म्हणजे विजय. ‘ट्रम्प कार्ड’ म्हणजे वेळेसाठी राखून ठेवलेलं पान, मग ते लहान का असेना. आपला ‘हुकमी एक्का’ त्याहून वजनदार, कारण तो हुकमाचाही एक्का आहे, त्याच्यावर कोणी नाही. निवडणुकीच्या बातम्यांत दोन्ही सरसकट एकाच अर्थाने वापरतात. मला ते खटकतं: बिनतोड माणसाला हुकमी एक्का म्हणावं, राखीव डावाला ट्रम्प कार्ड.

‘टर्न अप ट्रम्प्स’ म्हणजे अपेक्षा नसताना चांगलं निघणं. ‘ट्रम्प्ड-अप’ आरोप म्हणजे रचलेला, खोटा आरोप. त्यात विजय शोधू नये. आणि बायबलातला ‘लास्ट ट्रम्प’ ही तुतारी आहे, तिचा पत्त्यांशी काही संबंध नाही.