कुणाकडेच न जाणारे मूल आणि कुणाकडेही जाणारे मूल

अनाथालयासारख्या संस्थेत वाढणाऱ्या मुलांच्या मानसिक आरोग्याविषयी लिहिताना ‘अटॅचमेंट डिसऑर्डर’ (सांभाळणाऱ्या माणसाशी जवळीक जुळण्यातला विकार) या एकाच नावाखाली दोन निरनिराळ्या गोष्टी सर्रास कोंबल्या जातात. १९९४ च्या डीएसएम-४ मध्ये, म्हणजे मानसिक विकारांच्या अमेरिकी निदान-पुस्तिकेच्या चौथ्या आवृत्तीत, ते एकाच विकाराचे दोन प्रकार होते हे खरे. पण २०१३ च्या डीएसएम-५ ने ते वेगळे केले आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० या आजारांच्या वर्गीकरणात तर ते आधीपासूनच वेगळे होते.

पहिला, रिॲक्टिव्ह अटॅचमेंट डिसऑर्डर, सहज लक्षात येतो. पडले, लागले, घाबरले तरी मूल कुणाकडे धाव घेत नाही आणि जवळ घेतले तरी शांत होत नाही. स्वमग्नतेशी त्याची गल्लत होऊ शकते, तेवढे मात्र तपासून घ्यावे.

खरा घोळ होतो तो दुसऱ्याबाबत, म्हणजे डिसइनहिबिटेड सोशल एंगेजमेंट डिसऑर्डरबाबत. पाहुणा आत येताच मूल त्याच्या मांडीवर जाऊन बसते, त्याचे बोट धरून फाटकाबाहेर निघते आणि एकदाही मागे वळून पाहत नाही. अहवालात मात्र ‘मनमिळाऊ, छान रुळला आहे’ अशी नोंद होते. मोकळ्या स्वभावाचे मूलही परक्यांशी गप्पा मारते, पण आपले माणूस जागेवर आहे ना, याची अधूनमधून खात्री करून घेते.

दोन्हींचे मूळ एकच: तान्हेपणातील हेळसांड आणि पाळीगणिक बदलणारे काळजीवाहक. पुढची वाट मात्र वेगळी. रोमानियातील बुखारेस्टमध्ये २००० साली सुरू झालेल्या अभ्यासात संस्थांतील १३६ लहानग्यांपैकी निम्म्यांची यादृच्छिक निवड करून त्यांना प्रतिपालक कुटुंबांत ठेवण्याचे ठरले; त्या गटात पहिल्या विकाराची लक्षणे झपाट्याने ओसरली, दुसऱ्याची चिवट ठरली. दुसरा विकार पालकांशी घट्ट नाते जुळल्यानंतरही टिकू शकतो. त्यामुळे दत्तक गेलेले मूल परक्याचा हात धरून चालू लागले, की ‘तुमची माया कमी पडली’ असे पालकांना सुनावणारा समुपदेशक साफ चुकतो.

पहिल्या मुलाला रोजचे, ठरलेले एक माणूस हवे. दुसऱ्यालाही ते हवेच, शिवाय परक्याकडे जाण्याआधी त्या माणसाला विचारण्याचा सराव आणि सतत देखरेखही हवी. वाढदिवस साजरा करायला येऊन दिसेल त्या मुलाला कवटाळणाऱ्या हौशी पाहुण्यांना मी तरी फाटकातच थांबवीन; देणगी कार्यालयातही देता येते.