मोटारगाडीच्या बाह्यांगातील किरकोळ बदल आणि त्यांचे प्रमाणन

मोटारगाडी विकत घेतल्यानंतर मालकाने तिच्या बाह्यांगावर करून घेतलेल्या लहान बदलांना शासकीय प्रमाणन लागते की नाही, हे बदलाच्या आकारावर किंवा खर्चावर ठरत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाशी नोंदणी प्रमाणपत्रातील, म्हणजे आरसीतील, माहितीचा मेळ बसणार नाही असा बदल करण्यास मनाई आहे; आणि ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या रचनेतील असा फेरफार की ज्यामुळे त्याचे मूलभूत स्वरूप पालटते. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हाच अर्थ पक्का केला आणि मूळ रचनेत बदल करण्याची मुभा देणारा तेथील उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द ठरवला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२अ आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

सीटवरची आच्छादने किंवा दारावरची रबरी पट्टी यांचा या तरतुदींशी संबंध येत नाही. गाडीचा रंग बदलल्यास मात्र आरसीत तशी नोंद करून घ्यावी लागते. इंदूरच्या एमपी ०९ क्रमांकाच्या गाडीसाठी ती नोंद तेथील परिवहन कार्यालयात होते.

किरकोळ समजल्या जाणाऱ्या बदलांत सर्वांत घातक बदल म्हणजे बंपरपुढे बसवलेला लोखंडी गार्ड. तो बसवणाऱ्याला गाडी अधिक मजबूत झाल्यासारखी वाटते, पण आधुनिक गाडीचा पुढचा भाग धडकेत चेपला जावा आणि आघाताचा जोर तेथेच खर्ची पडावा, अशा हेतूने बनवलेला असतो. गार्ड थेट चासीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, जोडला की तो जोर न जिरता आतील माणसांपर्यंत पोहोचतो, एअरबॅग उघडण्याची वेळ चुकू शकते, आणि समोर आलेल्या पादचाऱ्याला बंपरऐवजी कठीण लोखंडाचा मार बसतो. इंदूरच्या राजवाडा किंवा सराफा परिसरातील दाट गर्दीच्या रस्त्यांवर हा शेवटचा धोका विशेष गंभीर मानला पाहिजे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये असे गार्ड लावलेल्या वाहनांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले होते.

काचांच्या बाबतीत केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० लागू होतो. त्यात पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत यावा, अशी अट आहे. काचेवर काळी फिल्म चिकटवण्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये निर्णय दिला.

सीएनजी किटचे उदाहरण वेगळे आहे, कारण तेथे प्रमाणन किटला आधी मिळालेले असते. मालकाने मान्यताप्राप्त किट अधिकृत केंद्रातून बसवून आरसीत इंधनाची नोंद बदलून घ्यायची असते. प्रमाणनाचा रोख असा मुख्यतः उत्पादकाकडे असतो. इंदूरजवळ, धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे नॅट्रॅक्स ही वाहनचाचणी संस्था असून तेथील ११.३ किलोमीटर लांबीच्या वेगवान चाचणीमार्गाचे उद्घाटन जून २०२१ मध्ये झाले. मात्र अशा संस्थांमध्ये प्रामुख्याने उत्पादकांची वाहने व सुटे भाग तपासले जातात, त्यामुळे गॅरेजमध्ये पत्रा वाकवून किंवा वेल्डिंग करून बनवलेल्या गार्डला ‘मजबूत माल’ ही कारागिराची ग्वाही सोडली तर कोणत्याही चाचणीचा आधार नसतो.