अँटी-हिरो ‘जंजीर’पासून सुरू झाला नाही

हिंदी पडद्यावरचा पहिला अँटी-हिरो, म्हणजे नायकाचे गुण नसूनही गोष्टीच्या केंद्रस्थानी असलेला माणूस, कोण? तर 1973 च्या ‘जंजीर’मधला विजय, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. हे चूक आहे. तो विजय प्रामाणिक इन्स्पेक्टर आहे, लाचेच्या खोट्या आरोपात अडकवला गेलेला. संतापी आहे, पण सरळसरळ नायक. अँटी-हिरो आहे तो ‘दीवार’मधला (1975) विजय: सोन्याच्या तस्करीत शिरतो, तरी आपला जीव त्याच्यातच अडकतो. आणि तोही पहिला नव्हे. 1943 च्या ‘किस्मत’मध्ये अशोक कुमार चक्क पाकीटमार होता, आणि कलकत्त्याच्या रॉक्सी थिएटरात तो सिनेमा तीन वर्षांहून जास्त चालला!

त्यामुळे ओळखताना राग मोजू नका. नायकाचे गुण नसलेल्या माणसाला गोष्टीने मधोमध बसवलंय का, ते बघा. खलनायक वाटेत आडवा येतो. अँटी-हिरोच्या गोष्टीत वाटच त्याची असते.

मराठीत याचा अस्सल नमुना म्हणजे तेंडुलकरांच्या त्याच नावाच्या नाटकातला सखाराम बाइंडर (1972). नवऱ्याने टाकलेल्या लक्ष्मीला घरात आणल्या आणल्या तो आपले नियम ऐकवतो. क्रूर आहे, पण ढोंगी नाही. शेवटी त्याच्या हातून खून होतो. नाटक त्याला माफ करत नाही, आणि त्याच्या घरातून बाहेरही पडत नाही.